गल्ल्यावरचा कॅमेरा आणि हिशेबाची शिस्त

दिवा पूर्वेला, रेल्वे स्थानकापासून चालत पाच मिनिटांच्या अंतरावर, एक किराणा दुकान आहे असे समजावे. सकाळी कामावर जाणाऱ्यांची आणि रात्री परतणाऱ्यांची गर्दी एकामागून एक दारातून वाहत असते. वसई आणि पनवेलकडे जाणारे फाटे जिथे मुख्य मार्गाला मिळतात त्या या जंक्शनवर गाडी थांबली, की पुढची दहा मिनिटे दुकानात मान वर करायला सवड नसते. गल्ल्यावर अण्णा बसतात, मालाकडे त्यांचा मुलगा पाहतो आणि पुड्या बांधायला तीन वर्षांपासून असलेला एक तरुण नोकर आहे. दोन वर्षांपूर्वी दुकानात चार कॅमेरे बसले: एक गल्ल्यावर, एक दारावर, एक मधल्या मांडणीकडे आणि एक मागच्या गोदामात.

महिनाअखेरीस रोजमेळ जुळवताना सोळा तारखेच्या रोकडीत अठरा हजार रुपये कमी भरले. त्या दिवशी अण्णा बाहेरगावी गेले होते आणि दुपारी दोन तास गल्ल्याजवळ तो तरुणच होता. मुलाने रेकॉर्डर उघडला. पडद्यावर चौकटी दिसल्या, तारीख निवडली. पण सोळा तारीख तिथे नव्हतीच. सर्वांत जुने चित्रण बावीस तारखेच्या रात्रीचे होते. त्याआधीचे सारे पुसून त्यावर नवे चित्रण बसले होते. घरात कुजबुज सुरू झाली. तरुणाला कोणी काही बोलले नाही, पण दोन दिवस त्याच्या हातात चहाचा पेला देताना कोणी त्याच्याकडे सरळ पाहिलेही नाही. तिसऱ्या दिवशी एका व्यापाऱ्याची पावती जुन्या वहीच्या पुठ्ठ्यात सापडली. तेलाच्या डब्यांचे पैसे अण्णांनी सकाळी निघताना रोखीने दिले होते आणि नोंद करायची राहिली होती.

हा प्रसंग नमुन्यादाखल रचलेला आहे. पण तो कुठल्याही पेढीवर घडू शकतो आणि त्यातले नुकसान अठरा हजारांचे नाही. कॅमेरा लावताना घराला वाटलेले असते की आता संशयाला जागा उरणार नाही. प्रत्यक्षात, नेमक्या गरजेच्या दिवशी चित्रण हाताशी नसेल किंवा त्यातला चेहरा ओळखू येत नसेल, तर कॅमेरा संशय मिटवत नाही, वाढवतो. या दुकानात कॅमेरा बिघडलेला नव्हता, तार तुटलेली नव्हती, रेकॉर्डरही चालू होता. चुकली होती ती फक्त चार-सहा आकड्यांची मांडणी. बसवणाऱ्याने कारखान्यातून आलेले आकडे तसेच ठेवले आणि घरातल्या कोणी ते कधी उघडून पाहिले नाहीत.

दोन प्रवाह, दोन कामे

नेटवर्कवर चालणारा कॅमेरा चित्र नुसते पाठवत नाही. तो आधी ते दाबून लहान करतो आणि मग तारेवरून सोडतो. या वाहत्या चित्राला स्ट्रीम म्हणतात. बहुतेक कॅमेरे एकाच वेळी दोन स्ट्रीम देतात. पहिली ‘मेन स्ट्रीम’, म्हणजे मुख्य प्रवाह. रेकॉर्डरमधल्या हार्ड डिस्कवर साठते ते हेच चित्र. दुसरी ‘सब स्ट्रीम’, म्हणजे उपप्रवाह. मोबाइलवर दुरून पाहताना किंवा पडद्यावर चारही चौकटी एकत्र दिसताना सहसा हाच वापरला जातो.

हा भेद न समजल्याने दोन उलट चुका होतात. मोबाइलवर चित्र अडखळते म्हणून कोणी मुख्य प्रवाहाचाच दर्जा उतरवतो. मोबाइल सुरळीत चालतो, पण साठलेले चित्रण कायमचे धूसर होते. दुसरा कोणी उपप्रवाहालाही मोठे आकडे देतो आणि मग दुकानाच्या इंटरनेटवर भार पडून क्यूआर कोडच्या पैशांचा निरोपही उशिरा वाजू लागतो. मार्ग सोपा आहे. उपप्रवाह ६४० × ३६० किंवा त्याच्या जवळपासच्या आकारात, सेकंदाला ५१२ किलोबिटच्या मर्यादेत ठेवावा. चार कॅमेऱ्यांचे मिळून सेकंदाला दोन मेगाबिट होतात आणि साध्या जोडणीवरही ते निभावतात. मुख्य प्रवाहाचा विचार मात्र वेगळा आणि सावकाश करावा, कारण पुरावा तिथे असतो.

चेहरा किती ठिपक्यांचा

रिझोल्यूशन म्हणजे चित्रातील ठिपक्यांची संख्या. दोन मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्यात आडवे १९२० आणि उभे १०८० ठिपके असतात, चार मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्यात साधारण २५६० आणि १४४०. दुकानदार कॅमेरा घेताना हा आकडा विचारतो आणि तिथेच थांबतो. खरा प्रश्न पुढचा आहे: हे ठिपके किती रुंदीच्या जागेवर पसरले आहेत?

आयईसी ६२६७६-४ या आंतरराष्ट्रीय मानकाने यासाठी उपयोगी माप रूढ केले. दृश्यातील एक मीटर रुंदीला सुमारे २५ ठिपके मिळाले, तर तिथे कोणी आहे एवढे कळते. १२५ मिळाले, तर ओळखीचा माणूस ओळखू येतो. २५० मिळाले, तरच अनोळखी माणसाची ओळख खात्रीने पटवता येते. म्हणजे चार मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्याने दहा मीटर रुंदीपर्यंत आणि दोन मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्याने साडेसात मीटर रुंदीपर्यंतच ही कसोटी पार पडते. तोच कॅमेरा रस्त्यासह तीस मीटर रुंद दृश्य टिपत असेल, तर मीटरला पंचाऐंशी ठिपके उरतात आणि माणसाचा चेहरा जेमतेम तेरा-चौदा ठिपक्यांचा होतो. पडद्यावर चित्र छान दिसते. थांबवून मोठे केले की चेहऱ्याच्या जागी फक्त चौकोन उरतात.

म्हणून दारावरचा कॅमेरा दाराकडे रोखावा, अख्ख्या गल्लीकडे नव्हे. गल्ल्यावरच्या कॅमेऱ्यात हात, पेटी आणि समोर उभ्या ग्राहकाचा चेहरा एवढेच यावे. शेजाऱ्याच्या खिडकीकडे किंवा कपडे बदलण्याच्या जागेकडे कॅमेरा वळता कामा नये; हा सभ्यतेचा आणि कायद्याचाही प्रश्न आहे.

सेकंदाला किती चित्रे

आपल्या देशात वीजपुरवठा ५० हर्ट्झचा असल्याने इथले कॅमेरे सेकंदाला २५ चित्रांच्या हिशेबाने येतात. कॅमेऱ्यात ६० हर्ट्झचा पर्याय चुकून निवडलेला असेल, तर ट्यूबलाइटच्या प्रकाशात चित्रावर पट्टे फिरताना दिसतात. तसे दिसले तर कॅमेरा बदलण्याआधी ही एक नोंद तपासावी.

दुकानासाठी मात्र २५ चित्रांची गरज क्वचितच असते. गल्ल्यातून नोट काढून पलीकडे देण्याच्या हालचालीला अर्धा सेकंद लागतो असे धरले, तरी सेकंदाला १२ चित्रांच्या वेगात त्या हालचालीची सहा चित्रे मिळतात. गल्ल्यावर आणि दारावर १५, मांडणीवर १२ आणि गोदामात १० चित्रे पुरेशी होतात.

रात्रीच्या धूसरपणाचे कारण पुष्कळदा वेगळेच असते. अंधारात कॅमेरा प्रकाश गोळा करण्यासाठी शटर अधिक काळ उघडे ठेवतो. शटर एका सेकंदाचा पंचविसावा भाग उघडे राहिले आणि माणूस सेकंदाला सव्वा मीटर वेगाने चालत असला, तर तेवढ्यात तो पाच सेंटिमीटर सरकतो आणि चेहरा फराटा होऊन जातो. फ्रेम रेट वाढवून हा दोष जात नाही. शटर सेकंदाच्या पन्नासाव्या किंवा शंभराव्या भागावर आणावे आणि दारात एक चांगला दिवा लावावा. दुपारी दारातून येणाऱ्या उजेडामुळे आत येणाऱ्याचा चेहरा काळा पडत असेल, तर ‘डब्ल्यूडीआर’ हा पर्याय चालू करावा. तो उजळ आणि काळोख्या दोन्ही भागांना सांभाळून घेतो.

बिटरेट : साठवणुकीचा जमाखर्च

आता त्या हरवलेल्या सोळा तारखेचे कोडे सुटते. बिटरेट म्हणजे चित्रासाठी दर सेकंदाला खर्च होणारी जागा. त्या दुकानातल्या चारही कॅमेऱ्यांना सेकंदाला चार मेगाबिट असा एकच आकडा दिलेला होता. आठ बिटांचा एक बाइट, म्हणून चार मेगाबिट म्हणजे अर्धा मेगाबाइट. तासाला १.८ गिगाबाइट, दिवसाला ४३.२ गिगाबाइट, चार कॅमेऱ्यांचे मिळून १७२.८ गिगाबाइट. रेकॉर्डरमध्ये एक टेराबाइटची, म्हणजे १००० गिगाबाइटची डिस्क होती. भागाकार केला की उत्तर येते पावणेसहा दिवस. महिन्याने हिशेब तपासणाऱ्या घरात कॅमेऱ्याची स्मृती आठवड्याचीही नव्हती.

हा भागाकार बसवणाऱ्या माणसाला दोन मिनिटांत करता आला असता आणि घेणाऱ्यालाही. माल किती दिवस पुरेल हे पोत्याकडे पाहून सांगणाऱ्या व्यापाऱ्याला तो अवघड नाही.

दोन गोष्टी बदलल्या की चित्र पालटते. पहिली, दाबण्याची पद्धत. एच.२६४ ही पद्धत २००३ साली प्रमाणित झाली आणि एच.२६५ ही २०१३ साली. नवी पद्धत जवळपास तेवढाच दर्जा पुष्कळ कमी, अनुकूल स्थितीत साधारण निम्म्या जागेत साठवते. कॅमेरा आणि रेकॉर्डर दोन्हींना ती चालत असेल तर तीच निवडावी. दुसरी, प्रत्येक कॅमेऱ्याला त्याच्या कामाप्रमाणे वाटा. गल्ला आणि दार यांना प्रत्येकी दोन मेगाबिट, मांडणी आणि गोदाम यांना प्रत्येकी एक. एकूण सहा. दिवसाला ६४.८ गिगाबाइट. त्याच एक टेराबाइट डिस्कवर आता पंधरा दिवस राहतात आणि दोन टेराबाइटची डिस्क घातली तर पूर्ण महिना. गोदामाचे चित्रण हालचाल झाल्यावरच साठवावे असे ठरवले, तर मुदत आणखी लांबते. गल्ल्याचे चित्रण मात्र अखंड असावे. हालचाल ओळखण्यात यंत्राची चूक झाली तर नेमका तोच क्षण निसटतो.

बिटरेटचे दोन प्रकार पडद्यावर दिसतात. ‘सीबीआर’ म्हणजे ठरलेला खर्च, दुकानात गर्दी असो वा कुलूप असो. ‘व्हीबीआर’ म्हणजे गरजेप्रमाणे खर्च, वरच्या मर्यादेच्या आत. रात्री बंद दुकानात काही हलत नाही, तेव्हा व्हीबीआर जागा वाचवतो. जिथे डिस्क किती दिवस पुरेल याचा पक्का आकडा हवा, तिथे सीबीआर. बहुतेक दुकानांत मर्यादा घालून दिलेला व्हीबीआर अधिक सोयीचा. मात्र बचतीच्या हौसेने मर्यादा फार खाली आणू नये. चार मेगापिक्सेलचे चित्र अर्ध्या मेगाबिटात कोंबले, तर ठिपके कागदोपत्री तेवढेच राहतात, पण गर्दीच्या वेळी चेहऱ्यांचा लगदा होतो. आकडा बदलल्यावर सायंकाळच्या गर्दीतले पाच मिनिटांचे चित्रण थांबवून, मोठे करून पाहावे. चेहरा ओळखू आला तर आकडा बरोबर.

शिल्लक आणि नोंदी

या पानावर ‘आय फ्रेम इंटरव्हल’ नावाची आणखी एक चौकट असते आणि तिला बहुतेक जण हात लावत नाहीत. व्यापाऱ्याला ती रोजमेळाच्या दाखल्याने लगेच समजते. कॅमेरा प्रत्येक चित्र पूर्ण साठवत नाही. अधूनमधून एक चित्र पूर्ण साठवतो, जणू आरंभीची शिल्लक. त्यानंतरच्या चित्रांत फक्त बदल लिहितो, जशा दिवसाच्या जमा-नावेच्या नोंदी. शिल्लक वारंवार मांडली तर वही लवकर भरते. फार दिवस मांडली नाही तर मधली एक नोंद चुकल्यावर पुढचे सारे पान चुकते. चित्रातही तसेच होते. तारेतून थोडी माहिती गळाली तर पुढचे पूर्ण चित्र येईपर्यंत दृश्य विस्कटलेले राहते आणि हवा तो क्षण शोधताना चित्रण उड्या मारते. सेकंदाला १५ चित्रे असतील तर हा आकडा ३० ठेवावा, म्हणजे दर दोन सेकंदांनी एक पूर्ण चित्र मिळते.

घड्याळ, कुलूप आणि पावसाळा

चित्र उत्तम आणि वेळ चुकीची, असे चित्रण निम्मे निरुपयोगी. वीज गेली-आली की काही रेकॉर्डरांची घड्याळे मागे पडतात. ‘एनटीपी’ हा पर्याय चालू केला की यंत्र इंटरनेटवरून वेळ जुळवून घेते. विभाग साडेपाच तास पुढचा, म्हणजे भारतीय प्रमाणवेळेचा निवडलेला असावा. रेकॉर्डरला छोटा यूपीएस जोडावा. दिवा हे खाडीकाठचे सखल गाव. गाळ्यात पाणी शिरण्याची भीती असेल तिथे रेकॉर्डर टेबलाखाली न ठेवता माळ्यावर, हवा खेळेल अशा पेटीत ठेवावा.

कुलपाचे महत्त्व व्यापाऱ्याला सांगावे लागत नाही. पण दारावर तीन कुलपे लावणारी पेढी कॅमेऱ्याला मात्र कारखान्यातला संकेतशब्द तसाच ठेवते. २०१६ साली ‘मिराई’ नावाच्या घातक प्रणालीने जगभरातले असे लाखो कॅमेरे, रेकॉर्डर आणि राउटर मूळ संकेतशब्द वापरूनच ताब्यात घेतले. त्याच वर्षी २१ ऑक्टोबरला त्यांच्याकरवी झालेल्या हल्ल्याने अमेरिकेत अनेक मोठी संकेतस्थळे तासन्‌तास बंद पाडली. कॅमेऱ्यांच्या मालकांना त्याचा पत्ताही नव्हता. भारत सरकारनेही नेटवर्क कॅमेऱ्यांसाठी सुरक्षेच्या आवश्यक कसोट्या ठरवल्या असून एप्रिल २०२५ पासून त्या लागू झाल्या आहेत. नवा कॅमेरा घेताना तो या तपासणीतून गेलेला आहे ना, हे विचारावे. संकेतशब्द बसवणाऱ्याने ठेवला असेल तर तो घरच्यांनी बदलावा आणि बदललेला घरातल्या दोघांना ठाऊक असावा.

न्यायालयाच्या दारात

चित्रणाचा शेवटचा उपयोग पुराव्याचा. महाराष्ट्रातल्याच एका खटल्याने याचे नियम देशभरासाठी स्पष्ट केले. २०१४ च्या विधानसभा निवडणुकीत जालना मतदारसंघात उमेदवारी अर्ज दुपारी तीनच्या मुदतीनंतर दिले गेले का, असा वाद उभा राहिला. निवडणूक निर्णय अधिकाऱ्याच्या कार्यालयात कॅमेरे होते आणि त्यांचे चित्रण हाच मुख्य आधार होता. २०१७ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने ती निवडणूक रद्द ठरवली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. अर्जुन पंडितराव खोतकर विरुद्ध कैलास कुशनराव गोरंट्याल या नावाने ओळखला जाणारा निकाल १४ जुलै २०२० रोजी लागला. चित्रणाची नक्कल सादर करायची तर कायद्याने सांगितलेले प्रमाणपत्र सोबत हवेच, असे न्यायालयाने ठामपणे सांगितले. मूळ यंत्रच मालकाने न्यायालयात हजर केले, तर गोष्ट वेगळी. त्या खटल्यात प्रयत्न करूनही अधिकाऱ्यांकडून प्रमाणपत्र मिळाले नव्हते, याचीही न्यायालयाने दखल घेतली. काही मिनिटांच्या उशिराचा प्रश्न होता आणि तो चित्रणावर आणि त्याच्या वेळेवर तोलला गेला.

१ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियम लागू झाला असून त्याच्या कलम ६३ मध्ये हे प्रमाणपत्र दोन भागांत दिले आहे: एक यंत्र सांभाळणाऱ्याचा, दुसरा तज्ज्ञाचा. चित्रणात फेरफार झालेला नाही हे दाखवणारा ‘हॅश’ नावाचा आकडाही त्यात नोंदवायचा असतो. दुकानदाराने यातून तीन गोष्टी लक्षात ठेवाव्यात. काही घडले की त्याच दिवशी ते चित्रण रेकॉर्डरमधून मूळ रूपात पेनड्राइव्हवर घ्यावे. पडद्यावर चाललेले चित्र मोबाइलने टिपून ती नक्कल पुढे करू नये. आणि रेकॉर्डरवरची वेळ व खरी वेळ यांत फरक असल्यास तो तेव्हाच लिहून ठेवावा. देरासर, धर्मशाळा किंवा वसतिगृह सांभाळणाऱ्या विश्वस्तांनाही हाच नियम लागू आहे. तिथे जोखीम एका घराची नसून साऱ्या समाजाच्या ठेवीची असते.

महिन्यातून अर्धा तास

त्या नमुन्यातल्या दुकानात शेवटी काय झाले असते? पावती सापडल्यावर अण्णांनी त्या तरुणाला गल्ल्याजवळ बोलावले असते. “चूक माझ्या वहीची होती, बेटा,” एवढे ते म्हणाले असते आणि तो मान खाली घालून “असू द्या अण्णा” म्हणाला असता. पण ते दोन दिवस कोणाला परत घेता आले नसते. महिनाभराचे चित्रण हाताशी असते, तर सोळा तारखेची सकाळ उघडून पाच मिनिटांत अण्णांचाच हात पैसे मोजताना दिसला असता आणि कुजबुज सुरूच झाली नसती.

म्हणून महिन्याच्या शेवटी वही मिटताना अर्धा तास रेकॉर्डरसाठी राखावा. सर्वांत जुने चित्रण कोणत्या तारखेचे आहे ते पाहावे. घड्याळ भिंतीवरच्या घड्याळाशी ताडावे. प्रत्येक कॅमेऱ्यातला एक चेहरा मोठा करून ओळखू येतो का ते बघावे आणि भिंग स्वच्छ पुसावे. हे चार आकडे वहीच्या शेवटच्या पानावर लिहून ठेवावेत. कॅमेरा चोर पकडण्यासाठी घेतला जातो. निर्दोष माणसाची बाजू सांगण्याचे कामही त्यालाच करायचे असते, आणि नीट लावलेला असेल तरच तो ते करू शकतो.